दोन डावे पाय

घरात तिला सगळे शिडी म्हणायचे. शाळा संपायच्या आतच ती दाराच्या चौकटीला भिडली आणि माळ्यावरचं काही काढायला घरात कुणाला स्टूल लागेनासं झालं. "ए शिडी, वरचा डबा दे गं." "शिडीला सांगा, बल्ब बदलेल." हे नाव आत्याने ठेवलेलं. आत्याने ठेवलेली नावं चिकटायची. स्वतःच्या नवऱ्यालाही तिने एक नाव ठेवलं होतं आणि तो गेल्यावरसुद्धा लोक त्याला त्याच नावाने हळहळत आठवायचे. पण बाबांच्या तोंडी शिडी हा शब्द आला की त्यातली टिंगल निघून जायची. बाबांच्या ओठांत बहुतेक वेळ टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे ते तोंड फारसं न उघडता बोलत, आणि शिडी हा शब्द तसा उच्चारला की हलकी शीळ घातल्यासारखा वाटे.

बाबा शिंपी होते. रस्त्याकडची खोली म्हणजे दुकान, मागची दोन खोल्यांची जागा म्हणजे घर. गिऱ्हाईक त्यांना मास्तर म्हणायचं. गिऱ्हाइकासमोर मास्तर जवळजवळ मुके असत. कंबर, लांबी, बाही, परवा या, एवढ्या शब्दांवर त्यांचा धंदा चालायचा. पण संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं, शिडी तुरपाईचं काम घेऊन पाटावर बसली, की त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. आत्या त्यांची थोरली बहीण, आता याच घरात राहायची. बटणांची काजं करता करता ती म्हणे, "माझ्याशी बोलताना ह्याच्या जिभेला गाठ बसते. लेक समोर बसली की बघा, रीळ सुटलं!"

बाबा माणसांच्या शरीरांबद्दल बोलायचे. कुणाचा डावा खांदा उतरलेला आहे आणि तो सायकलच्या पिशवीने उतरलाय की बँकेत एकाच कुशीवर टेकून बसल्याने. कोण माप देताना पोट आत ओढतो आणि मग ट्रायलला आल्यावर कापड आटलं म्हणून भांडतो. "माणूस तोंडाने काहीही सांगेल गं शिडी, पाठ खोटं बोलत नाही," ते म्हणायचे आणि टाचण्यांच्या आडून हसायचे. आवाज इतका हलका की मशीन चालू असेल तर काही कळायचं नाही. शिडीचाही आवाज तसाच घडला. दुकानात गिऱ्हाईक असे, आई हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून पहाटपाळी करून आलेली असे, ती दुपारी झोपायची. त्या घरात मोठ्याने बोलायला जागाच नव्हती.

शाळेत शिडी उंच उडी मारायची. काठी थरथरून जागेवर राहिली की तिला बरं वाटायचं. बारावीनंतर तिने शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजचं नाव काढलं तेव्हा आत्याने काजाची सुई खाली ठेवली.

"उड्या मारायला कॉलेज? कांगारू आहेस का? आणि उद्या स्थळ आलं तर काय सांगायचं, मुलगी शिट्टी छान वाजवते?"

आई म्हणाली, "नोकरी लागते का त्यात, एवढं विचारून ये."

बाबांनी टाचण्या काढून हातात घेतल्या. हे ते क्वचित करायचे. "आपण माणूस बघतो तो कापडावरून," ते म्हणाले. "ही आतून बघेल. हाडं, सांधे, सगळं. मला तर आवडेल ऐकायला."

आणि खरंच, पहिलं वर्षभर संध्याकाळी बोलणं दोन्हीकडून व्हायला लागलं. शिडी सकाळी मैदानावर, दुपारी वर्गात, आणि संध्याकाळी तुरपाई करताना बाबांना खांद्याचं हाड कसं पाठीवर मोकळं तरंगतं ते सांगायची. बाबा हातातला कोट थांबवून स्वतःचा खांदा फिरवून बघायचे. "म्हणूनच बाहीचा काख-गोल कितीही नीट कापा, एक चूण राहतेच! इतकी वर्षं मी स्वतःला दोष देत होतो." ते इतके खूश झाले की दोन दिवस येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे खांदे फिरवून बघत होते. एका वकिलाने तर विचारलं, "मास्तर, कोट शिवताय की हाड बसवताय?"

दुसऱ्या वर्षी सराव पाठ सुरू झाले आणि तिथे शिडीचं घोडं अडलं.

सराव पाठ म्हणजे मैदानावर वर्ग घ्यायचा. आधी आपल्याच सोबत्यांचा. निम्म्यांनी सहावीची मुलं व्हायचं आणि एकाने शिक्षक. नंतर खऱ्या शाळेतल्या खऱ्या मुलांचा. आणि शेवटी वार्षिक पाठ, बाहेरच्या परीक्षकांसमोर. तो पडला की वर्ष पडलं. कवायत शिकवणाऱ्या सरांना मुलं सुभेदार म्हणायची. ते सैन्यात कधी नव्हते. तळवे सपाट म्हणून भरतीच्या रांगेतून त्यांना परत पाठवलं होतं, आणि त्याचा वचपा ते गेली कैक वर्षं प्रत्येक रांगेवर काढत होते.

शिडीचा पहिला सराव पाठ सगळ्या कॉलेजच्या लक्षात राहिला. तिने रांग चालायला लावली, ती छान चालली. मग ती "थांब" म्हणाली. रांगेत सर्वांत पुढे तिची मैत्रीण होती, गोळाफेक करणारी, म्हणून नाव गोळा. गोळाला ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी तिने आलं नाही असं ठरवलं. रांग पाण्याच्या टाकीवरून, सायकल स्टँडमधून, सरळ कँटीनमध्ये गेली. शिडी मागून पळत "थांब, अगं थांब ना" करत राहिली. गोळाने आत जाऊन चहा सांगितला आणि निरागसपणे वळून म्हणाली, "बाई, तुम्ही थांब म्हणालाच नाहीत!"

सगळे पोट धरून हसले. शिडीपण हसली. सुभेदार हसले नाहीत.

"बाई, तुझं पाठाचं टाचण उत्तम आहे," ते तिला बाजूला घेऊन म्हणाले. "करून दाखवतेस ते उत्तम. पण हा आवाज घेऊन तू परीक्षेला उभी राहिलीस तर मी आत्ताच सांगतो, नापास. मैदानाला भिंती नसतात. तुझा आवाज हाच फळा, हीच भिंत."

मग त्यांनी तिला हुकूम शिकवला. हुकमाचे दोन तुकडे असतात. "रांग" हा पहिला, लांबवलेला. "थांब" हा दुसरा, तोडलेला. पहिला सांगतो की काहीतरी येतंय. दुसरा सांगतो की आलं. "आणि मधे जागा ठेवायची. ती जागा मुलांची. ती न देता नुसतं ओरडलीस तर मूल थांबेल, पण दचकून. दचकवणं म्हणजे शिकवणं नव्हे."

"आणि सर, थांबा म्हटलं तर चालेल?" शिडीने विचारलं. घरात मोठ्यांना अहो-जाहो करायची सवय. समोर वर्गातली थोराड मुलं असली की तिच्या तोंडात थांबा यायचं.

"हुकमात अहो-जाहो नाही. समोर कुणीही असो. थांबा म्हटलंस की शब्द लांबतो आणि पाऊल एक जास्त पडतं. थांब म्हणजे थांब."

गोळाने तिला आवाज मिळवून दिला. ती मैदानाच्या एका टोकाला उभी राहायची, शिडी दुसऱ्या टोकाला, मधे रोज थोडं जास्त अंतर. "घशातून नको, बेंबीतून ओरड! कुणीतरी तुझी स्कूटर पळवतंय असं समज!" शिडीकडे स्कूटर नव्हती. बरेच दिवस नुसता घसा बसला. आत्या कपाळाला हात लावून म्हणे, "शिकायला गेली आणि बेडूक होऊन आली." बाबा मिठाच्या गुळण्या करायला पाणी गरम करून ठेवायचे.

आणि मग एका सकाळी तो आला. शिडीला स्वतःलाच कळलं नाही कुठून. पोटाच्या तळातून काहीतरी सुटलं, मैदान ओलांडून पलीकडच्या भिंतीवर आपटलं आणि परत आलं. टाकीवरचे कावळे उडाले. मैदानावर फक्कीच्या रेघा मारणारा शिपाई हातातलं डबडं घेऊन होता तिथे खिळला. गोळा लांबून दोन्ही हात वर करून नाचायला लागली. त्या दिवसापासून शिडी जिथे तिथे तो आवाज काढून बघायची, नवी चप्पल घेतलेलं मूल उगाच चालून बघतं तसं. फक्त घरात नाही. घरात ती अजून हळूच बोलायची.

वार्षिक पाठासाठी निळा ट्रॅकसूट सक्तीचा होता. तयार मिळणारे सगळे शिडीला घोट्याच्या वर यायचे. गोळा म्हणाली, "त्यात तू पूर आल्यासारखी दिसतेस." बाबांनी मग हातातली दोन कामं मागे ठेवली आणि कापड आणलं, बाहेरून चकचकीत, आतून लवदार. बाबांनी ट्रॅकसूट कधी शिवला नव्हता. ते आठवडाभर खाकी कागदाचे साचे कापत होते आणि शिडीला वाकायला, गुडघा छातीला लावायला, ढांग टाकायला लावत होते. "उडी मारताना शिवण कुठे ओढते ते सांग. लाजू नकोस, शिंप्यासमोर कसली लाज?" इतक्या आनंदात तिने त्यांना फार वेळा पाहिलं नव्हतं.

कापायच्या संध्याकाळी दुकानात दवाखान्यातला कंपाउंडर पॅंटच्या ट्रायलसाठी येऊन बसला होता. आत्या तिच्या कोपऱ्यात काजं करत होती. शिडी नुकतीच मैदानावरून आली होती. वार्षिक पाठ चार दिवसांवर आलेला, अंग अजून गरम, घसा मोकळा. ती टेबलाच्या पलीकडे, बाबांच्या समोर उभी राहिली. कंपाउंडर रोजचा होता, त्यामुळे बाबा त्याच्यासमोर थोडंफार बोलायचे. ते शिडीला एक जुनी गोष्ट सांगत होते, त्यांच्या उमेदवारीच्या दिवसांतली. एक हात नसलेला माणूस कोट शिवायला आला होता, आणि थोरल्या मास्तरांनी मुद्दाम बाबांना माप घ्यायला पाठवलं होतं.

"मी तर हा एवढासा. सगळं माप घेतलं. आता त्या बाजूची बाही. विचारू की नको? घाम फुटला मला. शेवटी विचारलं, साहेब, ही बाही किती ठेवू?" बाबा कात्री उचलत म्हणाले. एका पायाचे तुकडे कापून बाजूला ठेवले होते. कापड जेमतेम असल्यामुळे दुमडून दोन्ही एकदम कापता येत नव्हते. एकेरी पसरून एकेक कापायचे होते. साचा त्यांनी पुन्हा कापडावर ठेवला, खडूची रेघ मारली. "तर तो माणूस माझ्याकडे बघून काय म्हणाला असेल, शिडी? तो म्हणाला—"

शिडी समोरून बघत होती. वर्षभर कॉलेजने तिच्या डोळ्यांना एकच वळण लावलं होतं. मुलांसमोर उभं राहून उजवा हात म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा, आरशासारखं. समोरच्याचं डावं-उजवं आपल्या अंगात उलटं करून घ्यायचं. आता ती झोपेतही तसं करायची. तिला एका क्षणात दिसलं की साचा उलटवलेला नाही. हाही पाय डावाच होणार होता. कात्रीचं तोंड कापडाला लागलं.

"थांब!"

तिने ठरवून काढला नव्हता तो आवाज. तो आपोआप आला, मैदानावरचा, पुरा. आधी काही सूचना नाही, मधे जागा नाही. टेबलावरच्या टाचण्यांची डबी वाजली. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला ब्रेक लावून आत बघायला लागला.

आणि बाबा थांबले. नुसते थांबले नाहीत. टाचा जुळल्या, पाठ ताठ झाली, हात दोन्ही मांड्यांना चिकटले, एका हातात कात्री तशीच. नजर समोर, कुठेच नाही. शाळेतल्या मुलासारखे ते टेबलामागे उभे राहिले.

आधी आत्या हसली. "अगं बाई! भावाला सावधान केलं की हिने!"

कंपाउंडरही हसला. "मास्तर, मीपण श्वास धरला होता!"

"बाबा, साचा," शिडी म्हणाली. आवाज परत लहान झाला होता, पण त्याचा आता उपयोग नव्हता. "साचा उलटवला नाही. दोन्ही डावे होतायत."

बाबांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एक कापलेला तुकडा उचलून साच्यावर ठेवला, परत उचलला. इतक्या वर्षांत त्यांनी असली चूक केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. उमेदवारीतल्या पोराने केली असती तर थोरल्या मास्तरांनी कान धरला असता.

"हो की," ते म्हणाले.

"वाचलात!" कंपाउंडर म्हणाला. "सगळं कापड गेलं असतं."

"आजवर घरात एकटा मास्तर होता," आत्याला आता सूर सापडला होता. "आता बाई पण आली! मास्तरवर देखरेख करायला!"

बाबाही हसले. टाचण्या ओठांत नव्हत्या तरी त्यांचे ओठ मिटलेलेच होते. साचा उलटवून ते म्हणाले, "खरंय, बाई. बरं झालं सांगितलंत."

सगळे पुन्हा हसले. शिडीही हसली. फक्त आई, जी आवाज ऐकून मधल्या दारात आली होती, ती हसली नाही.

ट्रॅकसूट दुसऱ्या दिवशी तयार झाला. इतका नीट बसला की गोळाने तिला गोल फिरवून बघितलं. पण संध्याकाळी शिडी पाटावर बसली तेव्हा बाबा म्हणाले, "बाई, ही तुरपाई कराल का?" आणि पुढे काही बोलले नाहीत. शिडीला वाटलं, थट्टा आहे, दोन-चार दिवसांत उतरेल.

"बाबा, तो माणूस काय म्हणाला?" तिने विचारलं.

"कुठला?"

"हात नसलेला. बाही किती ठेवू विचारलंत तो."

"तो होय," बाबा म्हणाले. "काही नाही हो. असंच काहीतरी." आणि त्यांनी टाचण्या ओठांत धरल्या.

आई रात्रीची भांडी आवरताना म्हणाली, "जाऊन बोल त्यांच्याशी."

"काय बोलू? कापड वाया गेलं असतं, आई. मी बरोबरच होते."

"कापडाचं कोण बोलतंय?" आई म्हणाली. "जन्मात तू त्यांना अरे-तुरे केलं नव्हतंस."

"हुकूम तसाच असतो. थांबा म्हणत नाहीत."

आईने हातातलं पातेलं पालथं घातलं. "बरं," ती म्हणाली. "पाठ होऊ दे तुझा. मग बोल."

शिडीने तेच केलं. पाठ होऊ दे, मग बोलू. त्या चार दिवसांत तिच्या डोक्यात शिट्टी, टाचण, रांगा, परीक्षक याशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं. पुढे आयुष्यभर त्या चार दिवसांपाशी तिचं मन अडकायचं. तेव्हा ते सगळं अजून ओलं होतं, बोट लावलं असतं तर सरळ झालं असतं, असं तिला वाटायचं.

वार्षिक पाठ एका शाळेच्या मैदानावर झाला. सहावीची मुलं, खरी, नाक ओढणारी, बुटाची लेस सुटलेली. शिडीने "रांग" म्हटलं, जागा सोडली, मुलांच्या चेहऱ्यावर काहीतरी येणार हे दिसलं, आणि मग "थांब" म्हटलं. सगळे पाय एकदम थांबले. लेस सुटलेल्याचेही. सुभेदारांनी लांबून फक्त मान हलवली. त्यांच्याकडून तेवढं म्हणजे मिठीच. परीक्षकांनी विचारलं, "एवढा आवाज कुठून आणलात?" गोळा मागून कुजबुजली, "स्कूटर चोरीला गेली होती, सर."

शिडी सायकल दामटत घरी आली. शटर उघडं होतं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"बाबा, झाला! पहिल्या आवाजाला थांबली मुलं, सगळी!"

तिला आवाज आवरता आला नाही. बाबा मशीनवरून उठले. उठायची काही गरज नव्हती. लेक शाळेतून आल्यावर कुठला बाप उठून उभा राहतो?

"छान झालं, बाई," ते म्हणाले. "फार छान झालं. दमला असाल."

ते मनापासून बोलत होते, हेच वाईट होतं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. राग असता तर शिडीने धरला असता, ओढला असता, भांडून मोकळी झाली असती. आत्याची थट्टा त्यांनी घातली आणि ती त्यांच्या अंगाला बरोबर बसली. त्या थट्टेच्या आत आपल्याला कुणी हात लावू शकत नाही, असं त्यांना वाटलं असावं. निदान शिडीला पुढे तसं वाटू लागलं.

मुलींच्या शाळेत नोकरी लागली. शिडी चांगली शिक्षिका झाली, हे तिच्याबद्दल वाईट बोलणारेही कबूल करायचे. आखडलेल्या मुलींना तिने पळायला लावलं, पाठ वाकवून चालणाऱ्या उंच मुलींना सरळ केलं. आवाज मात्र आता तिच्या घशात कायमचा राहायला आला. जेवताना तिने मीठ मागितलं की आत्या कानावर हात ठेवायची: "हळू गं, शेजारीण घेऊन येईल!" शिडी आवाज खाली ओढायची, तो दोन वाक्यांत परत वर यायचा. आणि तो वर आला की समोर बाबांचे खांदे मागे जायचे, पाठ सरळ व्हायची. जेमतेम कळेल इतकंच. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. पण शिडीला शरीर बघायला त्यांनीच शिकवलं होतं.

एकदा तिने धीर केला. दुकानात संध्याकाळी, शटर अर्धं ओढलेलं. "बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला थांब म्हटलं—"

"अहो, बरोबरच होतं ते," बाबा घाईने म्हणाले. "चूक माझी होती. साचा उलटवला नव्हता मी."

"चुकीबद्दल नाही बोलत मी, बाबा."

"नाही, नाही. माझीच होती." त्यांनी दिवा जवळ ओढला आणि सुईत दोरा ओवायला घेतला. "त्या दिवसानंतर मी दोनदा बघतो बरं का, बाई. दर वेळी."

त्यांनी तिला बरोबर ठरवून टाकलं होतं. माफी मागायला जागाच ठेवली नव्हती. ती आत निघून गेली. पुन्हा हा विषय तिने काढला नाही, आणि काढायला हवा होता, वारंवार काढायला हवा होता, हे तिला कळलं तेव्हा बरीच वर्षं गेली होती. आधी बदली झाली, मग लग्न, मग मुलगा. भेटी सुट्टीतल्या. भेटीत बाबा तिच्या शाळेबद्दल विचारत, तब्येतीबद्दल विचारत, जावयाला विचारावं तसं. नवरा एकदा कौतुकाने म्हणाला, "तुझे वडील तुला किती मान देतात गं! आमच्याकडे बापाने मुलीला कधी अहो म्हटलं नाही." शिडीने त्याला चहा हवा का विचारलं.

आत्याचं बोट वाकडं झालं, सुई धरवेना. मग बाबांनी काजं करायला एक बाई ठेवली. शिडीपेक्षा मोठी, हसरी, कानात बारीक रिंगा घालणारी. कापड कापणं बाबांनी सोडलं होतं. नजर उतरली होती. आता फक्त जुने कपडे आत घेणं, बाहेर सोडणं.

त्या वर्षी परत जवळच्या शाळेत बदली झाल्यावर एका शनिवारी शिडी दुपारी घरी आली. गल्लीच्या तोंडाशीच तिला आतून हसणं ऐकू आलं. काजवाली हसत होती. शिडी दुकानाच्या पायरीच्या अलीकडे थांबली.

"—तर पोट आत ओढून उभा," बाबा सांगत होते. आवाज तोच, टाचण्यांच्या आडचा, हलका, पण भरभरून. "मी म्हटलं, साहेब, सोडा. तो सोडेना. चेहरा निळा झाला गं त्याचा! मी टेप धरून उभा, तो श्वास धरून उभा. कोण आधी हरतंय बघू!"

"मग?" काजवालीने विचारलं.

"मग काय, शेवटी शिंकला!"

दोघंही हसत सुटली. शिडीने आपल्या बापाला असं हसताना कधी शेवटचं ऐकलं होतं, ते तिला आठवेना. तिचा पाय नकळत पायरीवर पडला आणि सावली दारात गेली. बाबांनी वर पाहिलं. तोंडातलं वाक्य गिळलं. पाठ सरळ झाली.

"या, बाई," ते म्हणाले. "बसा. ऊन आहे ना बाहेर?"

काजवालीने मान खाली घालून सुई चालवली. आतून आई चहा घेऊन आली. मग बरंच बोलणं झालं, हवेचं, बदलीचं, मुलाच्या परीक्षेचं.

पुढच्या शनिवारी शिडी गल्लीतून न येता मागच्या बोळातून आली. मोरीचं दार ढकलून, मैदानावरचे बूट हातात घेऊन. आई चुलीपाशी होती. तिने वळून पाहिलं, लेकीच्या हातातले बूट पाहिले, आणि चहाचं आधण वाढवलं. शिडी मधल्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली. भिंतीपलीकडे दुकान होतं.

बाबा कुणा शाळामास्तराच्या कोटाबद्दल सांगत होते. एक खिसा दुसऱ्यापेक्षा खाली का गेला, त्यात तो काय काय भरून ठेवायचा. काजवाली मधेच काहीतरी म्हणाली, बाबा "अगं नाही गं" म्हणाले. शिडीने ते अगं आणि गं नीट ऐकलं.

आईने तिच्यासमोर कप ठेवला. "दुकानात जा ना," ती हळूच म्हणाली. "किती दिवस असं करणार?"

शिडीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग बोट ओठांवर ठेवून नुसती मान हलवली. पलीकडे बाबा गोष्टीच्या ऐन भरात आले होते. खडूचे तुकडे, आणि काय, आणि एक दिवस त्या खिशातून काय निघालं म्हणून सांगू—

तेवढ्यात त्यांनी मशीन सुरू केलं. खिशातून काय निघालं ते फक्त काजवालीने ऐकलं. शिडी कप हातात धरून मशीन थांबायची वाट बघत बसली.